प्रभाताईंनी भरलेला रकाना

सुरुवातीलाच सांगून टाकते, या लिहिण्यात मी काही नावं बदलली आहेत. मुलीचं, तिच्या आईचं, आणि त्या माणसाच्या घरातली. मुलीचं बदलावं असं कायदा सांगतो आणि ते मला मान्यच आहे. त्या माणसाचं बदललं ते केवळ त्याच्यावरून मुलगी ओळखू येईल म्हणून. नाहीतर मी त्याच्या नावाचा फलक रंगवून हातखंब्याच्या तिठ्यावर लावला असता, वर दिव्यांची माळ सोडून!

मी फरीदा. मालगुंडच्या पुढे खाडीकाठी आमचं गाव आहे, तिथल्या हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवत होते. नवरा फारुक कुवेतला, मुलगा अद्नान माझ्याच शाळेत दहावीला. पण गोष्ट माझी नाही, प्रभाताईंची आहे. प्रभावती रामजी मोहिते. एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केलेली बाई. उंची जेमतेम पावणेपाच फूट, खांद्याला पिन लावलेली सुती साडी, हातात छत्री आणि काखेत रजिस्टर. रजिस्टर नसेल तर त्यांना आपण घरून काहीतरी विसरून आलो असं वाटतं. कागदावर रकाने आखून ते भरल्याशिवाय जगात काही घडलं यावर त्यांचा विश्वासच नाही. घरात कोणी शिंकलं तरी तारीख-वार लिहून ठेवतील, असं त्यांचे यजमान रामजीभाऊ म्हणतात.

निवृत्त झाल्यावर शाळेने त्यांना दर शनिवारी आठवी ते दहावीच्या मुलांशी बोलायला बोलावलं. वयात येणं, शरीर, मैत्री, प्रेम, आजार, असले विषय. आमचे गुरुजी हे विषय आले की खडू शोधायला बाहेर जातात. प्रभाताई मात्र 'लिंग' हा शब्द 'लिंबू' म्हणावा इतक्या सहज म्हणायच्या, एसटीच्या थांब्यावरसुद्धा. पहिल्या दिवशी पोरं हसत सुटली. ताई खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत राहिल्या. अकरा मिनिटांनी म्हणाल्या, "झालं हसून? आता वह्या काढा." मी दाराआड उभी राहून तोंडात पदर कोंबला होता.

पण पोरं बोलेनात. प्रश्न विचारा म्हटलं की माना खाली. तेव्हा मोबाईलवर फिल्म काढायची कल्पना माझी. चार-पाच मिनिटांची, स्वतः लिहायची, स्वतःच करायची. ताईंना पटली. वर्गात त्यांनी सांगितलं, "ज्याला बोलायला जमत नाही त्याने दाखवा. दाखवलेलं आम्हाला कळेल." आम्ही किती बेधडक बोलून गेलो होतो!

जूनपासून सुरुवात झाली ती दिवाळीपर्यंत सहा फिल्म तयार. माझ्या दिवट्याने एक केली. त्यात एक मुलगा निरोध आणायला औषधाच्या दुकानात जातो आणि तीनदा डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन परत येतो. फारुकने फोनवर विचारलं, पोरगा काय करतोय, तर म्हटलं, दुकानात गेलाय, अजून हिंमत होत नाहीये. प्रज्ञेश म्हणून एक शांत मुलगा, त्याने नमनातल्या, म्हणजे आमच्या शिमग्याच्या खेळातल्या, गवळणीवर केली. शिमग्यात साडी नेसून नाचला की अख्खं गाव शिट्ट्या मारतं, आणि दुसऱ्या दिवशी नखांचा रंग पुसला नाही म्हणून तेच गाव त्याला रडवतं. एवढीच गोष्ट. शेवटी तो नखं तशीच ठेवून शाळेत येतो. ती बघताना ताईंनी दोनदा चष्मा पुसला. मैत्रिणीचा मोबाईल तपासणाऱ्या मुलाची एक होती, पाळीच्या चार दिवसांची एक होती, आवाज फुटलेल्या मुलाची एक होती.

आणि एक श्रुतीची. नववीतली श्रुती. चार मिनिटं, संवाद नाहीच. मागीलदारची न्हाणी, चिऱ्याच्या भिंती, लाकडी दार. एक मुलगी स्क्रू-ड्रायव्हर शोधते, कुणी बघत नाही ना हे बघते आणि दाराला आतून कडी बसवते. मग आत जाऊन कडी लावते, बादलीशेजारी बसते आणि पहिल्यांदाच मोठा श्वास सोडते. संपलं. चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही.

मी तिच्याबरोबर शाळेच्या कॉम्प्युटरवर बसून ती फिल्म कापली, जोडली. दाराचा रंग फार काळा येतोय म्हणून अर्धा तास उजेड कमी-जास्त करत बसले. श्रुती माझ्या शेजारी बसून होती, गप्प. मी म्हटलं, "छान जमलीय गो बाय. मुलींना घरात आडोसा पाहिजे, हा चांगला मुद्दा घेतलास." ती "हो मॅडम" म्हणाली. मी मूर्ख, गाढव, आणखी काय असेल ते.

आता गावची रीत सांगायला हवी. आमच्या गावात विहीर उपसायची असली तरी आधी मुंबईला विचारतात. गावचे लोक पिढ्यान्पिढ्या मुंबईत नोकऱ्या करतात, त्यांचं तिथे मंडळ आहे, आणि आमची शाळा त्या मंडळानेच बांधली. त्यामुळे शाळेत गॅदरिंगचं गाणं बदललं तरी मंडळाची परवानगी लागते. मंडळाचे सेक्रेटरी हरिश्चंद्रराव. पांढरा शर्ट, गोड बोलणं, प्रत्येक पोराचं नाव पाठ. आले की मुलांना कंपासपेट्या वाटायचे. मी स्वतः दहा जणांना सांगितलेलं आहे की असा भला माणूस शोधून सापडायचा नाही. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

श्रुती त्यांची पुतणी. तिचे वडील सात वर्षांपूर्वी अपघातात गेले. तेव्हापासून ती आणि तिची आई मैना हरिश्चंद्ररावांच्या नावावरच्या घरात राहतात, घर आणि आंब्याची बाग सांभाळतात. ते महिन्यातून एकदा बाग बघायला यायचे, दोन-तीन दिवस राहायचे. गावात सगळे म्हणायचे, मैनाचं नशीब चांगलं, दीर देवमाणूस मिळाला.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी समाजमंदिरात फिल्म दाखवायचं ठरलं. रीतीप्रमाणे प्रभाताईंनी सहाही फिल्म मंडळाच्या समितीला मोबाईलवर पाठवल्या आणि सोबत हाताने आखलेला तक्ता. फिल्मचं नाव, करणाऱ्याचं नाव, इयत्ता, विषय, लांबी, आणि शेवटचा रकाना, चित्रीकरणाचं ठिकाण. तिथे श्रुतीच्या ओळीत ताईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'स्वतःचं राहतं घर, मागीलदार.' तो रकाना कुणी मागितला नव्हता. कागदावर सहाव्या रकान्याची जागा रिकामी दिसते म्हणून त्यांनी तो आखला आणि भरला.

आठवड्याभराने, बुधवारी, उत्तर आलं. मी तेव्हा ताईंच्या पडवीत चहा पीत होते. मला वाटलं होतं निरोध आणि गवळण या दोन्हींवर काट पडणार, वर आम्हाला दोन शब्द ऐकायला मिळणार. कसचं काय! हरिश्चंद्ररावांनी लिहिलं होतं, काळ बदललाय, मुलांनी मोकळं व्हायला हवं, पाच फिल्म अवश्य दाखवा. फक्त कडीची वगळा, ती विषयाला धरून नाही. खाली आणखी एक ओळ होती, 'श्रुतीशी मी स्वतः बोलतो. शनिवारी येतोच आहे.'

मी टाळी वाजवली. "ताई, सुटलो! एकच गेली, तीही साधी." चहावर साय धरली तरी ताई मोबाईलकडे बघतच होत्या. मग हळू म्हणाल्या, "फरीदा, जो माणूस निरोधाला हरकत घेत नाही, तो कडीला का घेतो?"

भर दुपारची वेळ, अंगणात ऊन, आणि माझ्या दंडावर काटा आला. ताईंनी रजिस्टर उघडून तक्त्याची प्रत काढली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे मीच लिहून दिलं त्याला," त्या म्हणाल्या. "घर कुठलं, दार कुठलं, सगळं माझ्या अक्षरात."

"कदाचित आपण भलतंच समजतोय," मी म्हटलं. मला तसं वाटावं अशी माझी फार इच्छा होती.

"मीही असंच म्हटलं होतं एकदा," ताई म्हणाल्या. मग त्यांनी मला वेळणेश्वराकडच्या उपकेंद्रातली गोष्ट सांगितली. नोकरीची पाच-सहा वर्षं झाली होती. तेरा वर्षांची एक मुलगी आली, पोटात दुखतं म्हणून. तपासल्यावर कळायचं ते कळलं. बाहेर तिचा बाप बसला होता, गावात वजन असलेला. ताईंनी रजिस्टरात लिहिलं, पोटदुखी. आणि मुलीला घरापर्यंत पोचवून आल्या. "तिचा हात माझ्या हातात होता, फरीदा. दारात सोडवेना तिला. मी बोटं सोडवून घेतली."

इतकी वर्षं ओळखत असून हे मला ठाऊक नव्हतं. ताई रडल्या नाहीत. त्यांनी चहा ओतून टाकला, कप धुतला आणि म्हणाल्या, "शनिवारला तीन दिवस आहेत. उद्या जाऊ."

गुरुवारी शाळा सुटायच्या आधीच आम्ही मैनाच्या घरी गेलो. मैना मागीलदारी कोकमाच्या वाळलेल्या साली डब्यात भरत होती. आम्हाला बघून उठली, घाईघाईने पदर सारखा केला, पाणी आणायला आत गेली. तेवढ्यात ताई सरळ न्हाणीपाशी गेल्या आणि दार आतल्या बाजूने वळवलं. कडी नव्हती. फिल्ममध्ये कडी होती तिथे चार भोकं, त्यांत सुताराची पांढरी लांबी भरलेली. वरून हात फिरवून सपाट केलेलं, नीटनेटकं काम.

मैना पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आम्ही कुठे उभ्या आहोत हे बघून थांबली. प्रभाताईंनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी फक्त तांब्या तिच्या हातातून घेतला. मैनाच खाली बसली, न्हाणीच्या पायरीवर, आणि बोलायला लागली.

"ताई, ती कडी मीच आणलेली. हातखंब्याच्या दुकानातनं. तुमचा सिनेमा व्हायच्या आधी. पोर मला काय बोलली नव्हती, पन ते आले का ती आंघोळच करायची नाय. दोन-दोन दिवस. मी आई हाय तिची, मला नाय कळनार?" ती तोंडावर पदर धरून बोलत होती, म्हणून आवाज दबका येत होता. "मी कडी आणून तिच्या हातात दिली. तोंडानं काय सांगू? घर त्यांचं, बाग त्यांची, पोरीची शाळा त्यांची. माझ्याच्यानं तेवढंच झालं. मागल्या खेपेला आले आणि म्हणाले, वैनी, दाराला भोकं पाडून लाकूड खराब केलंत. सोताच काढलीन, सोताच लांबी भरलीन."

मला इतका संताप आला की मी तिच्यावरच ओरडणार होते. अगं बये, कडी आणलीस आणि पोलीस ठाण्यात जायला पाय मोडले होते काय तुझे? शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. प्रभाताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते गिळले. त्या मैनाशेजारी पायरीवर बसल्या. "तू कडी तरी दिलीस," त्या म्हणाल्या. "मी तर पोटदुखी लिहून मोकळी झाले होते."

श्रुती शाळेतून आली तेव्हा आम्ही तिघी तिथेच होतो. तिने दप्तर खाली ठेवलं नाही. ताईंनी तिला सांगितलं, तुझी फिल्म मला कळली, उशिरा कळली. आता मला कायद्यानेच हे कळवावं लागतं, आणि कायदा नसता तरी कळवलं असतं. तुझ्याशी बोलायला पोलिसातल्या बाई असतील, साध्या कपड्यात, आई जवळ बसेल. श्रुती ऐकत राहिली. मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तीन महिने झाले मी फिल्म देऊन. मला वाटलेलं, एडिट करताना तुम्हाला कळेल."

मी तिचे पाय धरले नाहीत इतकंच. "चुकलं माझं," म्हटलं, "फार मोठं चुकलं." तिने मान हलवली, एखाद्या मोठ्या बाईने समजून घ्यावं तशी.

ताईंनी तिथूनच फोन केला. रत्नागिरीहून उत्तर आलं, सकाळी या, बाई अधिकारी असतील. मैना आणि श्रुतीला आम्ही ताईंच्या घरी आणलं. मैनाने निघताना कोकमाचा डबा पण घेतला, का ते तिलाच ठाऊक.

शुक्रवारी सकाळी आठला रामजीभाऊंनी रिक्षा काढली. हे निवृत्त कंडक्टर, रिक्षा अशी चालवतात की मागून बैलगाडी पुढे जाईल. मैना, श्रुती आणि प्रभाताई मागे बसल्या, मी भाऊंशेजारी अंग चोरून. समाजमंदिराच्या वळणावर आलो आणि समोरून पांढरी गाडी आली. मला नंबर वाचायचीही गरज लागली नाही. तो शनिवारी येणार होता, आदल्या दिवशीच आला. गाडी त्याने रस्त्यात आडवी घातली आणि हसत उतरला.

"काय वैनी, सकाळी सकाळी सगळ्यांची स्वारी कुठे?"

मैनाचा हात आपोआप पदराकडे गेला. प्रभाताई म्हणाल्या, "रत्नागिरीला. पोलीस ठाण्यात."

तो हसला, खरंच हसला. "ताई, चाळीस वर्षं ओळखता तुम्ही मला."

"तेच तर चुकलं."

मग त्याने माझ्याकडे मोर्चा वळवला. "फरीदा मॅडम, तुमची नेमणुकीची ऑर्डर एप्रिलपर्यंतच आहे ना?" मी म्हटलं, "माझी एप्रिलपर्यंत आहे, तुमची आजच संपली. गाडी बाजूला घ्या." आवाज फाटला, पण बोलले खरी.

त्याने आमच्याकडे पुन्हा बघितलंही नाही. तो वाकला, रिक्षात डोकावला आणि अगदी मायेने म्हणाला, "श्रुती, उतर."

आणि ती उतरायला लागली. या अल्लाह, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. रडणं नाही, विरोध नाही, पोरीने दप्तर सावरलं आणि पाय बाहेर टाकला. सवयीने. प्रभाताईंनी हात पुढे केला, पण त्यांच्याआधी मैनाने मुलीचं मनगट धरलं. दिराच्या समोर जिने सात वर्षांत मान वर केली नव्हती ती मैना. डोक्यावरचा पदर खाली पडला होता, तो तिने उचलला नाही.

"बस खाली," ती मुलीला म्हणाली. मग त्याच्याकडे बघून, "नाय उतरनार ती."

रामजीभाऊंनी रिक्षा रस्त्यावरून खाली, शेताच्या बांधावरून घातली आणि गाडीला वळसा देऊन बाहेर काढली. त्या दिवशी त्यांनी ती जशी हाणली तशी आयुष्यात कधी हाणली नसेल.

जबाब पाच तास चालला. संध्याकाळी त्याला त्याच घरातून घेऊन गेले. खटला चालू आहे, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. शनिवारी काहीच दाखवलं गेलं नाही. समाजमंदिराला कुलूप होतं. गावात अर्धे लोक आमच्याशी बोलत नाहीत आणि उरलेले अर्धे कोणी बघत नसेल तेव्हा बोलतात. प्रभाताईंच्या घरचं दूध बंद झालं, माझी ऑर्डर एप्रिलमध्ये संपली. प्रज्ञेशच्या वडिलांनी त्याला मामाकडे पाठवून दिलं, असल्या बायकांच्या नादी लागला म्हणून. त्याची मला रोज काळजी वाटते. मैना आणि श्रुती ताईंकडेच राहतात. श्रुती न्हाणीत गेली की तासभर बाहेर येत नाही आणि कोणी तिला घाई करत नाही.

मे महिन्यात एका दुपारी मी ताईंकडे होते. त्या भाकऱ्या थापत होत्या, हात पिठाने भरलेले, तेवढ्यात फोन वाजला. मुंबईचा नंबर. पडद्यावर नाव बघून माझ्या कपाळात गेली. हरिश्चंद्राची बायको. म्हटलं, आता शिव्यांची लाखोली. मी स्पीकर लावून फोन ताईंसमोर धरला आणि भांडायला कंबर कसली.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "प्रभाताई, मी भांडायला फोन नाही केलेला."

"बोला," ताई म्हणाल्या.

"आमची रसिका तेवीस वर्षांची आहे. अठरा पूर्ण झाली आणि पुण्याला हॉस्टेलवर निघून गेली. पाच वर्षं झाली, दिवाळीलासुद्धा घरी राहायला येत नाही. मी तिला शिष्ट म्हणत आले. चारचौघात म्हणत आले. मीही समितीवर आहे, तुम्ही पाठवलेली ती फिल्म माझ्याकडे होती. मी काल रसिकाला पाठवली. म्हटलं, बघ, असल्या फिल्मवरनं तुझ्या बाबांवर काय आळ घेतलाय लोकांनी. तिने बघितली. एवढंच लिहिलंन, 'श्रुती किती धीट आहे.'"

ताईंनी तवा खाली उतरवला.

"ताई, मी आता तिला काय विचारू?"

"काही विचारू नका," प्रभाताई म्हणाल्या. "आज निघा. जाऊन तिच्याजवळ बसा."

"आणि ती बोललीच नाही तर?"

"तरी बसा."